वजा चार

आधी पान बघायचं, फूल मागाहून.
फूल लोक आठवणीतून सांगतात,
आणि आठवणीतलं फूल असतं त्यापेक्षा जरा लालच असतं.

नार्गिझा फोनवर म्हणाली, तुतारीसारखं, लाल,
घशात पिवळं. सुखुमीला आमच्या धुण्याच्या खोलीवर
छप्पर दिसत नसे इतकी.
"आणि इथे?"
"इथे एकदाही नाही."
लढाईच्या साली नवऱ्याच्या कोटाच्या खिशात
ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली वीतभर काडी.
वालिको गेला, कोट गेला,
काडी आता तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला पोचलीय.

म्हणून मी कुताइसीहून मिनीबस धरून त्स्खाल्तुबोला आले.
पिशवीत भिंग, चाकू आणि एक पट्टी,
जिचे पहिले चार सेंटिमीटर पुसले गेलेत.

सॅनिटोरियमच्या खांबांमध्ये दोऱ्या, दोऱ्यांवर मोजे.
मी पान उलटं केलं. दोनच पर्णिका.
तिसरी जिथे यायची तिथे ताणा, त्याला तीन बोटं,
बोटांच्या टोकांना गिलाव्यात रुतलेल्या चिकट टिकल्या.
इथवर दोघी चुलत बहिणी सारख्याच.
एक उत्तर अमेरिकेच्या रानातली,
वजा पंधरालाही नुसती तांबूस होऊन बसून राहते.
दुसरी मेक्सिकोची. वजा चारला शेंडे काळे,
पुढचं विचारू नये.

जुनं खोड आडवं कापलं. आत क्रूस, चार भुजांचा, स्पष्ट.
नार्गिझानं तीनदा छातीवर हात फिरवला.
मला सांगावं लागलं, बाई, हा दोघींतही असतो,
अख्ख्या कुळात असतो,
यावरून काही ठरत नाही.
"का नाही ठरत?" ती म्हणाली, खरंच रागावून.

मग कोवळी फांदी चिमटीत धरून फिरवली.
गोल नव्हती. शाळेतल्या पेन्सिलीसारखी, सहा कडा.
ठरलं.
मी काही बोलले नाही, पण तिनं तोंड पाहून ओळखलं असावं.

"पण त्या वर्षी वजा नऊ होतं," ती म्हणाली,
"जिन्यातल्या बादलीचं पाणी दगड झालं होतं.
हिची पानं करपली, चैतात परत आली."
मी वाकून बुंध्याशी माती चाचपली.
कोमट.
भिंतीमागे जुन्या स्नानगृहाचा नळ कुठेतरी फुटलेला,
झऱ्याचं पाणी तीस वर्षं मुळांवरून वाहतंय,
आजाऱ्यांसाठी बांधलेलं, कुणाला न कळता.

आता सरकारी फ्लॅट मिळालाय.
चौथा मजला, उत्तरेकडची बाल्कनी, किल्ली एप्रनच्या खिशात.
"तिथे टिकेल ना?"

आयुष्यभर मी आकडे देत आले.
लिंबाला वजा तीन, चहाला वजा बारा,
लोक वहीत लिहून घेत, आभार मानत, घरी जात.
आकडा एका रात्रीचा असतो.
पारा उतरून किती तास राहिला,
आदल्या आठवड्यात ऊन लागून झाड फसलं होतं का,
माती कोरडी की भिजलेली, वारा कुठल्या बाजूचा,
हे त्या आकड्यात मावत नाही.
आणि हे सगळं मी तिला सांगत बसले
तोवर ती माझ्याच चाकूनं फाटे कापत होती.
सहा. टोमॅटोच्या डब्यांत, बुडाला खिळ्यानं भोकं पाडून.
"चार माझे, एक शेजारच्या दोदोला.
हा तुझा."

वहीत नाव नीट लिहिलं, लॅटिन, पूर्ण, तारखेसह.
"थंडी" असं छापलेल्या रकान्यात लिहिलं,
भिंत कुठली?
मग ते खोडलं. मग परत लिहिलं.

परतीच्या बसमध्ये डबा मांडीवर.
खिडकीची काच पुरती लागत नव्हती,
फटीतून नोव्हेंबर येत होता.
ड्रायव्हरनं बाहेरचं तापमान मोठ्यानं वाचून दाखवलं,
सगळे हसले कशाला तरी.
मी ऐकलं नाही.
मफलर काढून फटीत कोंबत होते.